कुठले जोशी?

“काकू, ऐकलंत का? आमच्या चिरंजीवांनी निबंधात शरद जोशींना शेतकऱ्यांचा पुढारी केलं आणि पुढच्याच ओळीत उज्जैनला जन्माला घातलं!”

“अगं, ते उज्जैनचे वेगळे, हिंदीत विनोदी लिहायचे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आपल्या साताऱ्याचे. पोस्टातले बडे अधिकारी, स्वित्झर्लंडला बर्नमध्ये होते. ती नोकरी सोडून आले नि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. १९८०च्या सुमाराला चाकणचं कांदा आंदोलन गाजलं, ते त्यांचंच. बर्न सोडून आंबेठाण! आमच्या ह्यांनी असं काही केलं असतं ना, तर मी बर्नलाच राहिले असते.”

“पोस्टातले म्हणजे आनंदीबाईंच्या गोपाळरावांसारखे?”

“तो माणूस पोस्टात कारकून. आणि तऱ्हेवाईक हो! बाकीचे नवरे बायको शिकते म्हणून मारायचे, हे महाशय शिकत नाही म्हणून. लोक त्यांना देव्हाऱ्यात बसवतात, मी नाही बसवणार. कल्याणची यमू, नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी जोशी झाली. १८८३ साली अठराव्या वर्षी बोटीत बसली, नवरा बरोबर नाही. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून १८८६ला डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही ठरली. पण क्षयानं गाठलं. १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात गेली, बावीसही पुरी नव्हती गं.”

“अरेरे!”

“आता पुढचं ऐक. त्याच फिलाडेल्फियात आणखी एक जोशी, अरविंद. १९२९ साली पुण्यात जन्मलेले, पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएच.डी. केली आणि तिथेच जन्मभर शिकवलं. माणसाच्या बोलण्याची घडण संगणकाला कशी कळावी, हा त्यांचा विषय. १९७५च्या सुमाराला त्यांनी नि त्यांच्या जोडीदारांनी एक व्याकरण मांडलं. वाक्यं म्हणजे छोटी छोटी झाडं. एका झाडात दुसरं कलम करावं तसं बसवायचं, की वाक्य वाढतं आणि आधीची नाती तुटत नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे ‘राम आंबा खातो’ हे एक झाड. ‘सावकाश’ त्यात मधेच खोचलं, तरी खाणारा रामच आणि खाल्ला जाणारा आंबाच. आपल्याला त्यात नवल नाही, यंत्राला ते शिकवावं लागायचं. अमेरिकेतलं बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं त्यांना २००५ साली. आणि इथे नाव काढलं तर ‘कोण अरविंद?’ जोश्यांत नाव काढायचं तर मोर्चा तरी काढावा नाहीतर गावं तरी.”

“बरं, विश्वकोशवाले तरी आपल्या वाईचेच ना?”

“तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री. हो, विश्वकोश त्यांच्या हाताखालीच उभा राहिला. पण भारतीय संस्कृती कोश महादेवशास्त्री जोशींचा, ते गोव्याच्या सत्तरीतले. दोघेही शास्त्री, दोघेही जोशी, दोघेही कोशवाले. लोक दोघांचे खंड एकाच फळीवर ठेवून मोकळे होतात. महादेवशास्त्र्यांच्या कथांवर सिनेमे निघाले, ‘मानिनी’ बघितलायस ना? तर्कतीर्थांची गोष्टच वेगळी, १९५५ साली साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार त्यांना.”

“आणि लोअर परळचा तो ना. म. जोशी मार्ग?”

“ते कामगारांचे. १९२०ला आयटक उभी राहिली, त्यात होते. पण मला आवडतात सार्वजनिक काका. गणेश वासुदेव जोशी. १८७७च्या दिल्ली दरबारात सगळे संस्थानिक रेशीम-जडजवाहीर घालून मिरवतायत, आणि हे स्वतःच्या हातानं काढलेल्या सुताची खादी घालून हजर! गांधीजी तेव्हा शाळकरी पोर.”

“आणि भीमसेन? त्यांच्यावर एक अक्षर नाही बोललात.”

“ते गदगचे. गाण्यासाठी अकराव्या वर्षीच घरातून पळाले. त्यांच्यावर बोलायला लागले तर अंधार होईल. आमचे हे मघापासून खिडकीतून विचारतायत, ‘तुझं माहेर संपलं का?’ माहेरची मी जोशीच ना!”