सपाट बुडाची बाजू

दर्यापूरच्या विहिरींना खारं पाणी लागतं, एवढाच आमचा समुद्राशी संबंध. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. लाट मात्र एकाही तालुक्यात नाही. तरी आमच्या एका भोई मित्रानं मासेमारीसाठी नाव घ्यायचं काढलं, तेव्हा चहाच्या टपरीवरचा जो तो सात पिढ्यांचा खलाशी निघाला.

सौदे दोन होते. एक इथल्याच सुतारानं ठोकलेला सपाट बुडाचा डोंगा. सांध्यांत डांबर भरलेलं, रूप गुरांच्या गव्हाणीसारखं. दुसरी फायबरची, पांढरीशुभ्र, निमुळत्या बुडाची. कोकणात ज्याला पठाण म्हणतात, तो कणा खालून नाळेपर्यंत गेलेला. फोटोत दुसरीच देखणी दिसायची, आणि टपरीवरचं मतदान फोटो पाहूनच झालं.

निमुळत्या बुडाचे गुण खोटे नाहीत. ते लाट कापतं, वाऱ्यातही नाक सरळ ठेवतं. पण जाळं ओढायला कडेशी उभं राहिलं की ते झुलतं. सपाट डोंगा जिकडे कलेल तिकडचं पाणी त्याला लगेच वर रेटतं, म्हणून त्यात बिनधास्त उभं राहता येतं. मात्र मर्यादेपलीकडे कलला तर तो पूर्वसूचना न देता उलटतो. शिवाय उन्हाळ्यात लाकूड वाळून सांधे उघडतात. नदीत घालण्याआधी त्याला काही दिवस भिजत ठेवावं लागतं.

निवृत्त मास्तरांनी थेट शिवाजी महाराजांचं आरमार साक्षीला काढलं. 1679 साली खांदेरीला किल्ला बांधला जात असताना मायनाक भंडारींच्या लहान, उथळ होड्या मुंबईकर इंग्रजांच्या जड जहाजांना चकवून बेटावर रसद पोचवत होत्या. निमुळत्या पक्षाकडे याला उत्तर नव्हतं. पण पूर्णेत इंग्रज नाहीत, हे सपाट पक्षालाही कबूल करावं लागलं.

माझं मत विचाराल तर सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणावर मी निमुळत्या नावेचं वकीलपत्र घेईन. तिथं वाऱ्याला धावायला लांबच लांब पाणी मिळतं, लाटा उठतात. पूर्णेचं तसं नाही. भाद्रपदात दोन्ही थड्या भरून वाहणारी नदी वैशाखात डोहाडोहांत उरते. एका डोहातून दुसऱ्यात जायचं तर नाव काळ्या गाळावरून ओढावी लागते, आणि तिथं तो देखणा कणा नांगराचं काम करू लागतो.

मित्र इतका वेळ गप्प होता. चहा संपवून म्हणाला, “भाऊ, पान्यात तं दोनी चालतात. चिखलात कोनती चालते, थे सांगा ना बाप्पा!”

सभा तिथंच बरखास्त झाली. डोंगा ठरला. फायबर तडकलं तर राळ आणि कापड शहरातून आणावं लागतं, डोंग्याचा सुतार हाकेच्या अंतरावर आहे, हीही गोष्ट हिशेबात होतीच.

तुम्हाला आमच्या भागात नाव घ्यायची असेल तर श्रावणात नदी पाहून ठरवू नका. मे महिन्यात एकदा काठावर या. आणि घासाघीस करून जे पैसे वाचतील, त्यातून आधी लाइफ जॅकेट घ्या.