मासकॉमचा सातबारा

पदवीची किंमत किती, यावर महाराष्ट्रात आता वाद घालायचं कारण उरलेलं नाही. सरकारनेच २०२४ साली दरपत्रक काढलं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. पदव्युत्तर झालेल्यालाही १० हजारच. म्हणजे बारावीनंतरची तीन वर्षं महिन्याला ४ हजारांची आणि त्यापुढची एम.ए.ची दोन वर्षं शून्य रुपयांची. इतका स्वच्छ हिशेब कुठल्याही विद्यापीठाच्या माहितीपत्रकात सापडायचा नाही.

आता हे दरपत्रक भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या एखाद्या धानवाल्यापुढे ठेवू. त्याची पोरगी म्हणते, "बाबा, मले मासकॉम कराले पुण्याले जाचं हाय." बाबांना मीडिया माहीत असतो. गोसीखुर्द धरणाची दारं उघडली की छत्रीखाली नदीच्या पुलावर उभा राहतो, तोच तो. त्यात पैसा असणार, असं त्यांना वाटतं, कारण छत्री धरायलाही वेगळा माणूस असतो.

शैक्षणिक कर्जाला बँक ४ लाखांपर्यंत तारण मागत नाही. बाबांची सहकर्जदार म्हणून सही घेते. साडेसात लाखांच्या पुढे गेलात तर मात्र सातबारा काढून आणा म्हणते. आपण गरिबीने ४ लाखच धरू. दहा टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता येतो ६,६४० रुपये. शिकत असताना साचणारं व्याज वेगळं, ते सध्या सोडून देऊ, पोरगी लहान आहे. सरकारी दरपत्रकानुसार पदवीने वाढवून दिले ४ हजार, बँक नेते ६,६४०. उरलेले २,६४० कुणी भरायचे हे दोन्ही कागदांवर लिहिलेलं नाही. म्हणूनच बाबांची सही घेतलेली असते.

बाबांना टक्केवारी कळत नसेल तर धानात सांगू. २०२५-२६ चा साधारण धानाचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल. (खरेदी केंद्र वेळेवर उघडलं आणि बारदाना मिळाला, असं गृहीत धरून. कादंबरीत काहीही गृहीत धरता येतं.) वर्षाचे बारा हप्ते म्हणजे जवळपास ३४ क्विंटल. एकरी पंधरा क्विंटल धरले तर सव्वादोन एकरांचं अख्खं पीक, खत, मजुरी, रोवणी काही न कापता. आणि हे सात वर्षं. पोरगी पुण्यात बातमीचा उलटा पिरॅमिड शिकते आहे, इकडे घरचा पिरॅमिड उलटा झाला आहे.

बरं, बातम्या नाहीत म्हणून पैसे नाहीत, असं पवनीबद्दल कुणी म्हणू शकत नाही. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी गोसीखुर्दची पायाभरणी केली. धरण ३७२ कोटींचं होतं, आता आकडा हजारो कोटींत फिरतो. त्या वाढीला सहकर्जदार लागला नाही. बुडालेली गावं, पुनर्वसनाची गावठाणं, मोबदल्याच्या फायली, कालव्यांची चौकशी: एका पत्रकाराचा जन्म जाईल एवढा ऐवज आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातला 'जय' नावाचा वाघ २०१६ मध्ये बेपत्ता झाला, तेव्हा तो राष्ट्रीय वाहिन्यांवर झळकला. वाघ पाचशे अकरा नंबरच्या गटात दिसला होता की नाल्याच्या पलीकडे, हे ज्या स्थानिक मंडळींना ठाऊक होतं, त्यांना वाहिन्यांनी आदराने 'सूत्र' म्हटलं. सूत्रांना मानधन नसतं.

तालुक्याला वार्ताहर कोण असतो ते बघा. शिक्षक, विमा एजंट, कृषी केंद्रवाला, झेरॉक्सवाला. त्याला पेपरची एजन्सीही घ्यावी लागते, तिची अनामत त्याने भरायची. बातम्यांचे पैसे मिळाले तर पेट्रोलपुरते. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, वर्धापनदिन आणि ज्यांच्यावर वर्षभर काही लिहायचं नाही त्यांचे वाढदिवस. ज्या सरपंचाच्या नालीवर जूनमध्ये बातमी करायची, त्याच्याकडेच ऑगस्टमध्ये पाव पान मागायला जायचं, हा विषय मासकॉमच्या कुठल्या सत्रात शिकवतात, मला शोधायचं आहे.

आणि इथेच पदवीचं गणित फसतं. कृषी केंद्रवाल्याचं घर खतावर चालतं; बातमी तो नावासाठी, पोलीस ठाण्यात खुर्ची मिळावी म्हणून करतो. तो फुकट करतो म्हटल्यावर मालकाने पोरीला पगार का द्यावा? तिचा स्पर्धक हुशार नाही, स्वस्त आहे. गंमत म्हणजे ही परंपरा थोर आहे. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर ते चालवत असतानाच एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागले. मराठी पत्रकारितेच्या पहिल्या संपादकाचाही जोडधंदा होता. कर्ज काढून ते जनसंज्ञापन शिकायला गेले नव्हते एवढंच.

कायदा नव्हता असं नाही. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा होता. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ ला त्या उचलून धरल्या. पण श्रमिक पत्रकार कोण, तर ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे तो. वार्ताहराचा मुख्य व्यवसाय झेरॉक्स. कचेरीतल्यांना कंत्राटाचा कागद. मजिठिया भेटले नाहीत ते नाहीतच, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तो कायदाही नव्या कामगार संहितांच्या पोटात गेला. उरली आचार्य बाळशास्त्री जांभेकर ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजना: सुरू झाली तेव्हा वय साठ, अनुभव तीस वर्षं, महिन्याला ११ हजार, मग २० हजार. म्हणजे पत्रकारितेत आयुष्यातला सर्वांत चांगला पगार पत्रकारिता थांबवल्यावर मिळतो.

"मग पीआर आहे, डिजिटल आहे, यूट्यूब आहे," असं समुपदेशक सांगतात. आहे ना. यूट्यूबच्या जाहिरातीचा पैसा सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास लोकांनी बघायला हवं. ते जमवणाऱ्या पोट्ट्यांना पदवीचं कुणी विचारत नाही. बूम माइकवर लोगो चिकटवला की झाला संपादक. खुद्द सरकारने २०२४ मध्ये योजनांची माहिती घरोघर पोचवायला ५० हजार 'योजनादूत' नेमायचं ठरवलं. सहा महिने, महिन्याला १० हजार. एवढं मोठं संज्ञापनाचं काम, पात्रता काय? कोणत्याही शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्रवालाही चालेल. पत्रकारितेची पदवी जिथे खरंच मागतात ती जिल्हा माहिती अधिकाऱ्याची खुर्ची भंडाऱ्यात एक आहे, आणि तिची वाट लोकसेवा आयोगातून जाते.

तसं पवनीला प्रसिद्धीचं शास्त्र नवीन नाही. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने जगन्नाथ टेकडीवर खोदलं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला, आणि त्याच्या कठड्यांच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं. दात्याचं नाव टिकलं. कोरणाऱ्याची मजुरी कुणी कोरत नाही. आज तेच काम चौकातला फ्लेक्सवाला करतो, पण तो आगाऊ पैसे घेतो. या सगळ्या धंद्यात शहाणा असा तो एकच.

शिकू नये, असं माझं म्हणणं नाही. पोरीला लिहायची खाज असेल तर तिला शिकू द्या, पण ४ लाखांचं नको. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ पासून पत्रकारिता शिकवतात. तिथल्या विद्यापीठाचाही विभाग आहे. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र अमरावतीत आहे, तिथे मराठीतून शिकवतात. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम तर पवनीत राहून, सकाळी वार्ताहरकी करत पुरा होतो. बातमी तीच, माहितीच्या अधिकाराचा अर्ज तोच, फक्त लॉन हिरवं नाही. कर्ज काढायचंच तर माझा अडाणी नियम असा: पहिल्या नोकरीच्या एका वर्षाच्या पगाराहून एक रुपया जास्त नको. आणि तो पगार कॉलेजने सांगितलेला नव्हे, शेजारच्या पोराला मिळालेला.

अमेरिकेत सरकारचं एक संकेतस्थळ आहे. कॉलेज आणि विषय टाका, त्या विषयाच्या पोरांच्या डोक्यावर मध्यक कर्ज किती आणि नंतर मध्यक कमाई किती, दोन्ही दिसतात. आपल्याकडे माहितीपत्रकात 'सर्वोच्च पॅकेज' दिसतं, म्हणजे वर्गातल्या एका पोराचा पगार आणि तोही बहुधा काकांच्या कंपनीत. म्हणून बाबांनी पुण्याला गेल्यावर लॉन, स्टुडिओ, कॅन्टीन सगळं बघावं, फुकटचा चहा घ्यावा, आणि एकच विचारावं: गेल्या वर्षीच्या बॅचमधला रांगेतला मधला पोरगा आज कुठे आहे आणि किती कमावतो? उत्तर मिळणार नाही. मग कॅम्पस दाखवायला जी हसतमुख पोरगी सोबत दिली आहे, तिला हळूच विचारावं, "बाई, तू कुठून शिकली?" ती इथलीच, गेल्या वर्षीचीच निघाली, तर प्लेसमेंटचा आकडाही तिलाच विचारून घ्या.