सहाशे सहा

आमच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, सर राहतात. छत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले. शाळेतून झाले, इंग्रजीतून नव्हे. असे एक सर प्रत्येक सोसायटीच्या वाट्याला येतात. लिफ्ट बंद पडली की बाकीचे मेकॅनिकला फोन लावतात. सर तिच्या अवस्थेला चपखल शब्द शोधतात. तो सापडला की त्यांच्यापुरती लिफ्ट सुरू झालेली असते.

सरांच्या कपाटात ज्ञानेश्वरीला खेटून रॉजेटचा थिसॉरस उभा आहे. पीटर मार्क रॉजेट हे पेशाने डॉक्टर. १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी हा ग्रंथ छापला. त्यात शब्द अकारविल्हे नाहीत, आपल्या अमरकोशासारखे अर्थाप्रमाणे गट करून लावलेत. साऱ्या जगाचे एक हजार कप्पे! सरांच्या जुन्या प्रतीत ६०६व्या कप्प्यात हट्टीपणा आहे आणि ७०४व्या कप्प्यात अडचण. या दोन आकड्यांवर त्यांचं निवृत्त आयुष्य सुखात चाललंय. कोणी गेटसमोर गाडी लावली की सर गॅलरीतूनच निकाल देतात, "६०६!" पंप जळला की, "७०४!" नवा वॉचमन बरेच दिवस हे फ्लॅटचे नंबर समजून शोधत होता.

पण सगळ्या हट्टी माणसांना एका माळेत ओवणं सरांना मंजूर नाही. दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध गाडी लावणारे तळमजल्यावरचे गृहस्थ नुसते 'ऑब्स्टिनेट'. चारदा बजावूनही जिन्यात सायकल ठेवणारा कॉलेजकुमार मात्र 'रिकॅल्सिट्रन्ट', कारण त्या शब्दाच्या लॅटिन मुळात टाच उडवून लाथ मारणं आहे. हिशेबाच्या वह्या दाखवायला तयार नसलेले खजिनदार 'इन्ट्रान्सिजन्ट'. हा शब्द स्पेनचा. १८७३च्या सुमाराला तिथे तडजोडीचं नावही न काढणारे प्रजासत्ताकवादी होते, त्यांच्यावरून आलेला. खजिनदारांना आपला संबंध थेट स्पेनशी आहे हे कळल्यावर त्यांनी वह्या आणखी आत ठेवल्या.

वॉचमनला सर 'म्यूलिश' म्हणाले, तेव्हा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सरळ अडेलतट्टू म्हणा की!"

"तट्टू वेगळं, खेचर वेगळं," सर म्हणाले. अडून बसण्याचं काम दोन्ही भाषांनी जनावरांवरच सोपवलंय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण सरांसमोर उत्तर देण्याआधी हात वर करावा लागतो.

इथवर सगळी करमणूक होती. मग माझ्या बाथरूमचं छत गळायला लागलं.

मी बादली लावली आणि वर गेलो. सर एकदम खुलले. "७०४! गॉर्डियन नॉट!" इसवी सनपूर्व ३३३मध्ये अलेक्झांडर आजच्या तुर्कस्तानातल्या गॉर्डियमला गेला, कोणालाही न सुटलेली गाठ त्याने पाहिली आणि तलवारीने तोडून टाकली, असं त्यांनी मला दारातच सांगितलं.

"मग आपणही लादी फोडू या ना, सर!"

"अलेक्झांडर पाहुणा होता. गाठ त्याच्या घरातली नव्हती."

पुढच्या आठवड्यात प्रश्नाला बढती मिळाली. तो आता 'कॅच ट्वेंटी-टू' झाला होता. जोसेफ हेलरची १९६१ची कादंबरी. तिच्यातला नियम असा, की वेडा असशील तर विमानातून लढाईवर जाण्यापासून सुटका. पण सुटका मागितलीस म्हणजे तू शहाणा, तेव्हा बस विमानात. सरांनी तो आमच्या बाथरूमला लावून दाखवला. "लादी फोडल्याशिवाय गळती माझी आहे हे सिद्ध होत नाही. आणि गळती माझी आहे हे सिद्ध झाल्याशिवाय मी लादी फोडू देणार नाही." मला टाळी वाजवावीशी वाटली, पण खाली बादली भरत आली होती.

तिसऱ्या आठवड्यात माझा तोल गेला. "सर, माफ करा, पण या बिल्डिंगमधले खरे ६०६ तुम्ही आहात!"

सर शांतपणे कपाटाकडे गेले. "चूक. मी ६०४. निश्चय." मध्ये ६०५ आहे, धरसोड. म्हणजे निश्चय आणि हट्ट यांच्यात एवढी एकच खोली. बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीवर हे विशेषण क्रियापदासारखं चालवून दाखवलं होतं, असं सर म्हणाले: प्रथम पुरुषी ठाम, द्वितीय पुरुषी हट्टी आणि तृतीय पुरुषी डुकराच्या डोक्याचा मूर्ख.

"आमच्याकडे तिन्ही पुरुषी त्याला हेकाच म्हणतात," काकू आतून म्हणाल्या.

"बरं, हट्ट असेल तर सोडता तरी येतो ना?" मी विचारलं.

सरांनी पान उलटून माझ्यासमोर धरलं. ६०७. घूमजाव. टोपी फिरवणारे, पक्ष बदलणारे, शब्द गिळणारे, सगळी जमात तिथे दाटीवाटीने बसलेली. "बघा. ६०६मधून बाहेर पडलं की माणूस इथे येऊन पडतो. कसं पडावं?"

मी जिना उतरताना मराठीतून चाचपून पाहिलं. माघार घेणं, नमतं घेणं, शेपूट घालणं. आपल्याकडेही परतीच्या वाटेवर ताठ मानेने चालता येईल असा शब्द पटकन सापडेना. मला पहिल्यांदाच सरांची दया आली.

दुसऱ्या दिवशी माझ्या गीझरचा कॉक बदलायला प्लंबर आला. नट जाम होता. मी म्हटलं, लाव जोर. त्याने पाना खाली ठेवला. "जोर लावला तर आटे जातील, साहेब. थोडं तेल सोडू, रात्रभर राहू दे. सकाळी आपसूक फिरतो."

संध्याकाळी मी वर गेलो. गळतीचं नाव काढलं नाही. म्हटलं, "सर, एक शब्द अडलाय. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, तर स्वतःच्या निश्चयाने स्वतःची लादी फोडणाऱ्या माणसाला इंग्रजीत काय म्हणतात?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "रिझोल्यूट," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "६०४."

सकाळी नऊला सर स्वतः प्लंबरच्या डोक्याशी उभे. लादी निघाली. खाली तडा गेलेलं सांध्याचं तोंड दिसलं. प्लंबर म्हणाला, "नानी ट्रॅप गेलाय. नवा टाकतो."

"नानी नव्हे, नहाणी!" सर उसळले. "नहाणीघरातली नहाणी. अस्सल मराठी शब्द आहे तो. इंग्रजी टेंडरांतसुद्धा तसाच छापतात!"

"वीस वर्षं बसवतोय, सर. नानीच."

"नहाणी म्हण, मग बसव."

प्लंबरने नवा ट्रॅप मांडीवर ठेवला आणि भिंतीला टेकून बसला. "आधी नानी म्हणा, मग बसवतो."

काकूंनी चहाचं आधण ठेवलं. मी खाली आलो आणि सकाळी मोठ्या विश्वासाने उचललेली बादली पुन्हा जागेवर ठेवली.