फाटक्या स्पीकरचे सोवळे

रॉक गिटारची सारी पुण्याई बिघाडावर उभी आहे. १९६४ साली 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने 'यू रिअली गॉट मी'साठी अॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा चक्क ब्लेडने फाडला, तेव्हा कुठे त्याला हवा तसा खरखरीत आवाज मिळाला. जिमी हेंड्रिक्स तर फझ पेडल दाबून, अॅम्प्लिफायरसमोर उभा राहून गिटारला किंचाळायला लावी. आता हाच आवाज जराही खरखर न होता ऐकू यावा, म्हणून आमचे श्रवणतपस्वी लाखभराची केबल जोडतात आणि डोळे मिटून म्हणतात, "वा! फाटका स्पीकर किती स्वच्छ वाजतोय!"

डिजिटलचा तर त्यांना विटाळच. पण २०२२ मध्ये उघड झाले, की अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या ज्या महागड्या रेकॉर्डी ते अस्सल अॅनालॉग म्हणून पूजत होते, त्यांतल्या कितीतरी डिजिटल टप्प्यातून गेल्या होत्या. इतकी वर्षे सोवळे मोडत होते आणि या तिखट कानांना त्याचा पत्ताही नव्हता. गुपित फुटल्यावर मात्र अनेकांना तो आवाज अचानक बोचू लागला.

तेव्हा मंडळी, नवी केबल घेण्याआधी एकदा कान तपासून घ्या. स्वस्तात पडेल.