कलमांना हात लावू नका!

तोक्यो

ती. बाबा,

एकाच आठवड्यात तुमचे दोन निरोप आले. तुम्ही लिहिलंत, ‘जपानी आंबा पावणेतीन लाख रुपये किलो! हापूस तोडून तोच लावू का?’ आणि आई म्हणाली, ‘येन साठ पैशांचा, काकूंच्या भाच्याचा कुवेती दिनार अडीचशेच्या वर. पोरी, पैसे पाठवू का?’ म्हणजे आम्ही एकाच वेळी कुबेरही आणि कंगालही!

आईची काळजी आधी मिटवते. इथलं 1 येनचं नाणं ॲल्युमिनियमचं, वजन 1 ग्रॅम. चिरंजीव ते वाटीतल्या पाण्यावर तरंगवतात. पण नाणं हलकं म्हणून देश हलका होत नाही. तोक्योत ऑक्टोबर 2024 पासून किमान मजुरी ताशी 1,163 येन होती. म्हणजे तासभर राबलं की एक वाडगा रामेन पोटात. भाव बघायचा तो असा, कमाईशी लावून.

दादाला हे कोण सांगणार? इथे हजार येनांचं रामेन बघून तो ‘ह-जा-र?’ म्हणत उठायलाच निघाला. परतताना कुवेतला उतरला, तर तीन दिनारचे कबाब ‘तीनच तर आहेत’ म्हणत दोनदा मागवले! रामेन सहाशे रुपयांचं, कबाबाची एक थाळी आठशेच्या वर. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी 2002 साली हेच दाखवलं: परक्या चलनात आकडा मोठा दिसला की माणूस हात आखडतो, छोटा दिसला की सैल सोडतो. दर ठाऊक असला तरी डोळा आकड्यावरच अडतो.

आता तुमचा आंबा. 2019 साली मियाझाकीत हंगामाच्या पहिल्या लिलावात दोन आंबे 5 लाख येनांना गेले. असल्याच एखाद्या भावाचे कोणीतरी रुपये केले असणार, किलोने भागले आणि झाली बातमी! वाशीत मुहूर्ताच्या पेटीला मिळतो त्या भावाने तुम्ही कधी मे महिन्याचा हिशेब मांडलात का? एरवी तो आंबा दुकानात नगाला काही हजार येन. तोही हरितगृहात वाढवलेला, प्रत्येक फळाला जाळी, 350 ग्रॅमच्या वर भरलं आणि गोडी पुरेशी असली तरच ‘ताइयो नो तामागो’चा शिक्का. जात मुळात फ्लोरिडाची. आपल्या कातळावर एवढे लाड कोण पुरवणार?

तेव्हा कलमांना हात लावू नका. आणि आईला म्हणावं, पैसे नकोत, आमसुलं पाठव. ती इथेही नगावर नाही, किलोवरच मोजू.

तुमची,
मंजू