अण्णांना दाखवू नकोस

श्टुटगार्ट
रविवार, 23 नोव्हेंबर 2025

आई,

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही सगळे धडधाकट आहोत. फोनवर तुझ्याशी गुपित बोलायची सोयच राहिलेली नाही. तू फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटतेस आणि अण्णा पेपराआड बसून शब्द न् शब्द ऐकतात. इथले एकजण मंगळवारी पुण्याला निघालेत, त्यांच्या हाती देतेय. वहिनीच्या ऑफिसात येईल. वाचून झालं की ज्वारीच्या पिठाच्या डब्याखाली सरकव. अण्णांनी तिथे आजवर हात घातलेला नाही.

आधी आज पहाटेच्या फोनचं. साडेचार तासांचं अंतर आहे हे तुला तोंडपाठ आहे, पण काळजी लागली की तुझं घड्याळ फक्त सांगलीचं चालतं. तुझे सकाळचे आठ म्हणजे आमचे पहाटेचे साडेतीन! चोरी झालेली नाही. तुझ्या जावयांनी दादाला ‘दार लागलं’ एवढंच कळवलं होतं. दादाने वहिनीला सांगितलं दार अडकलं, वहिनीने आत्याला सांगितलं दार तोडलं, आणि आत्याने तुला चोर आल्याचं सांगितलं. गुडघा नवा बसवल्यापासून आत्याच्या बातम्याही पळायला लागल्यात.

झालं ते असं. आमच्या या भागात ‘केअरवोखं’ नावाचं व्रत असतं. इमारतीतल्या एकेका घराने आठवडाभर जिना झाडायचा-पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. आठवडा संपला की ती पाटी आपण पुढच्याच्या दाराला अडकवायची, म्हणजे संक्रांतीचं वाण दिल्यासारखं. झाडून स्वच्छ असलेला जिना परत झाडायचा, हे मला दोन वर्षं झाली तरी पटलेलं नाही. गेल्या वर्षी मी एकदा न झाडता पाटी पुढे सरकवली, तर खालच्या मजल्यावरच्या आजीबाई हसत हसत वर आल्या आणि कोपऱ्यातलं एक वाळकं पान माझ्या हातावर ठेवून गेल्या. काही बोलल्या नाहीत. त्यापेक्षा तू चारदा ओरडलेली परवडायचीस.

तर काल संध्याकाळी मी झाडू घेऊन बाहेर, चिनू फुटबॉलला, त्याचा बाप त्याला आणायला. वाऱ्याने दार लागलं. इथल्या दाराला बाहेरून नुसता गोळा असतो, किल्लीशिवाय उघडायचं नावच नको. फोन आत, किल्ली आत, गॅसवर वरण. जावयांची किल्ली? ती त्यांच्या दुसऱ्या कोटात, आणि कोटही आतच. आजीबाईंनी चहा पाजला, फोन करून कुलूपवाल्याला बोलावलं आणि तो येईपर्यंत पायरीचा एक डाग दाखवला.

कुलूपवाला आला. पिशवीतून प्लास्टिकचा एक पातळ, लवचिक पत्रा काढला, दार आणि चौकटीच्या फटीत सारला, एका हाताने दार हलवलं. टक्! मी अजून ‘या’ म्हणायची होते. मग त्याने पावती लिहिली. लिहायला दार उघडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. 260 युरो! यायचे वेगळे, शनिवारचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे. युरो शंभरी ओलांडून गेलाय, म्हणजे सव्वीस हजारांच्या वर, आणि तेही एका टक्ला. वरण जळालं ते त्यात धरलेलं नाही.

हे तू ऐकून ‘अगंबाई’ करत होतीस, तेवढ्यात अण्णांनी फोन ओढून घेतला ते आठवतंय ना? लेक सुखरूप आहे का, पैसे किती गेले, काही नाही. “पत्रा वरून सारला का खालून?” “जाडी किती होती, एक्स-रेच्या फिल्मएवढी?” पहाटे साडेतीनला मी अंधारात उभी राहून अण्णांना सांगत होते की नाही अण्णा, एक्स-रेपेक्षा जाड. आकडा ऐकून ते जरा गप्प झाले आणि मग म्हणाले, “तिकडे या धंद्याला परवाना लागतो का गं?” इतक्या खुशीतला आवाज मी त्यांच्या साठीच्या समारंभातसुद्धा ऐकला नव्हता.

आणि त्यासाठीच हे पत्र. तू विचारत होतीस ना, नाताळच्या सुट्टीत येताना अण्णांना काय आणणार? ते स्वतः तर कायम एकच म्हणतात, “मला काही नको, तुम्ही या.” पण आपण रिकाम्या हाताने आलो की बॅगेकडे बघत उभे राहतात, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

आजवर काय काय झालं आठव. स्वेटर आणला, तो सांगलीच्या उन्हाळ्यात कपाटात डांबरगोळ्या खात पडला. दाढीचं यंत्र दादाने ढापलं. मनगटावरचं पावलं मोजायचं घड्याळ दोन दिवस घातलं. ते दर तासाला ‘उठा’ म्हणायला लागलं, तर अण्णा म्हणाले, “डेपोत साहेबाचं ऐकलं नाही, याचं काय ऐकू?” चॉकलेटं साखरेमुळे बाद. चिनूने रंगवलेल्या मगात त्यांचे स्क्रू आहेत. त्या सगळ्यांत आवडली ती दाढीच्या यंत्राची पेटी. तिचा खटका किती सुबक आहे म्हणून आल्यागेल्याला दाखवायचे.

मागच्या जूनमध्ये इथे आले तेव्हाही तेच. आम्ही राजवाडा दाखवला, मोटारींचं संग्रहालय दाखवलं, अण्णा सगळ्याला ‘छान’ म्हणत होते. आठव्या दिवशी तोंड उतरलं. तू म्हणालीस हवा मानवत नाही. हवेचं काही नव्हतं गं, या घरात काही बिघडतच नव्हतं! मग देवाच्या कृपेने आजीबाईंच्या सायकलीची साखळी तुटली आणि माणूस माणसात आला. त्यांना जर्मन येत नाही, बाईंना मराठी येत नाही, आणि दोघं तासभर फ्रीव्हीलवर बोलत होते. नंतर रविवारी दुपारी हातोडी चालवून त्यांनी सगळी इमारत जागी केली, तेव्हा बाईंनीच सावरून घेतलं. नाहीतर रविवारी इथे बाटलीसुद्धा काच गोळा करायच्या पेटीत टाकायची नाही, आवाज होतो म्हणून.

तेव्हा मी काय केलं, ते ऐक. ऑक्टोबरात कार्ल्सप्लाट्झवर शनिवारचा जुना बाजार भरतो तिथे गेले. एका म्हाताऱ्याकडे लाकडी कुकू घड्याळ होतं, इकडच्या काळ्या जंगलातलं. वर कोरलेली पानं, खाली लोखंडी सुरूच्या फळांसारखी दोन वजनं, साखळ्या. मी हात लावला तर तो गडबडीने म्हणाला, “कापुट, कापुट!” म्हटलं, किती कापुट? तो गोंधळलाच. बिघाड जितका सांगेल तितका माझा चेहरा खुलत चाललेला. चाळीस म्हणाला, पंचवीसला दिलं.

घरी आणून उघडलं. आत दोन छोटे भाते आहेत, हार्मोनियमला असतात तसले, पण आगपेटीएवढे. प्रत्येकाला एक शिट्टी. एक भाता ‘कु’ म्हणतो, दुसरा ‘कू’. दुसऱ्याचा कागद फाटलाय. त्यामुळे पक्षी दार उघडून बाहेर येतो, ‘कु’ म्हणतो आणि पुढे नुसती धाप टाकतो. शिवाय लंबक दहा मिनिटांत थांबतो. चिनू म्हणाला, दुकानात देऊ या. मी त्याला जवळजवळ मारलंच.

पार्सल काल सकाळी मिळालं. भडंग संपलं, हे सांगायला नको. मेतकूट आणि दाण्याची चटणी मी कुलपात ठेवलीय. पेढे घातले नाहीस ते बरं केलंस, दुधाचं काही इथे आणू देत नाहीत. अण्णांनी वरून सुतळीने बांधलंय, एस.टी.च्या टपावरचं सामान बांधतात तशी गाठ. अर्धा तास झगडले, पण कात्री लावेना. वाटलं, त्यांना तिथे कळेल. त्या सुतळीला अजून आपल्या मागच्या खोलीचा वास आहे, ग्रीस आणि कांद्याचा. मी ती गाठ हातात घेऊन बराच वेळ बसले होते, हे कुणाला सांगू नकोस. शेवटी चिनूने सोडवली, दोन मिनिटांत. बोटं अण्णांची घेऊन आलाय.

बाकी बंडूकाकांनी गाडीच्या नंबरासाठी पैसे मोजले हे ऐकून जावई दिवसभर हसत होते. कुलूपवाल्याची पावती आली तेव्हा थांबले. पिंकीला सांग, मुलगा बघायला मी येईपर्यंत थांब, तुम्ही लोक नुसता पगार बघता.

आता तुझं काम. आम्ही 21 ला रात्री पोचतो. बॅग उघडल्यावर मी म्हणेन, “हे चुकून आणलं, बंद आहे, भंगारात घाला.” तू लगेच “कशाला हा पसारा” म्हणून ओरड, जोरात. कौतुक करायचं नाही. पतंगाचा कागद मात्र आत्ताच आणून ठेव, संक्रांतीसाठी म्हणून. भात्याला तोच लागेल आणि अण्णा तो बरोबर हुडकतील. फेविकॉलची बाटली सुकली असेल तर बदल, पण जुन्या जागीच ठेव.

थांबते. पाटी वरच्या मजल्यावर अडकवून यायची आहे. किल्ली गळ्यात बांधलीय, अण्णांच्याच सुतळीने.

तुझी,
मनी