तालुके तेरा, समुद्र शून्य

बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा आणि समुद्र शून्य. बुलढाण्याहून नकाशावर सरळ रेघ ओढली तरी अरबी समुद्र साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरतो, आणि एसटी काही रेघेवरून जात नाही. तरीसुद्धा इथल्या एखाद्या महाविद्यालयात दोन दिवसांची छोटेखानी परिषद भरवायचा विषय निघाला, की पहिली सूचना येते ती गुहागरची, नाहीतर मालवणची. प्राध्यापक घाटावरचा असो की घाटाखालचा, ज्ञानाची खरी देवाणघेवाण तळलेल्या सुरमईशेजारीच होते, यावर दोघांचेही एकमत असते. घाटावर आणि घाटाखाली यांचे एकमत होण्याचे प्रसंग या जिल्ह्यात फार येत नाहीत.

अशाच एका आयोजन समितीची ही गोष्ट. कॉलेजचे नाव सांगण्यात अर्थ नाही. समित्या सगळीकडे सारख्याच. कोकणच्या खर्चाचा आकडा फळ्यावर आला तेव्हा खजिनदार सरांनी चष्मा काढून ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत बसले. दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या शिपाईभाऊंनी शेवटी कोंडी फोडली. "खारं पानीच पाह्यजे ना सर? मंग लोनारले कावून नाही जात?"

ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदकाच्या जागी मात्र उपप्राचार्यांचे नाव लागले.

स्थळपाहणीला जीप निघाली ती चिखली-मेहकर मार्गाने. चिखलीच्या चहाला परिषदेचे नाव 'राष्ट्रीय' होते. मेहकर येईपर्यंत कोणाला तरी आपला एक विद्यार्थी दुबईत असल्याचे आठवले, तो ऑनलाइन बोलेल म्हणाला, आणि परिषद 'आंतरराष्ट्रीय' झाली. मेहकरला शारंगधर बालाजीचे दर्शन घेणे भागच होते. 1888 साली जमिनीतून निघालेली ती काळ्या पाषाणाची उंचच उंच मूर्ती पाहून समितीतले नास्तिकसुद्धा दोन मिनिटे गप्प बसतात. पाहुणे मुंबई-नागपूर लाइनवरून मलकापूरला उतरवायचे की जालन्याला, हा वाद तेवढा गाभाऱ्याबाहेर येताच पुन्हा सुरू झाला. दोन्हींत लोणारला जवळचे स्टेशन जालनाच. पण मलकापूरला खजिनदार सरांचे साडू राहतात, त्यामुळे मुद्दा गुंतागुंतीचा.

लोणारच्या काठावर उभे राहिल्यावर मात्र सगळ्यांचे मोबाइल एकदम वर आणि आवाज खाली गेले. जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचे, अंदाजे दीडशे मीटर खोल विवर, तळाशी हिरवट पाणी, उतारावर दाट झाडी. आकाशातून पडलेल्या दगडाने काळ्या बेसॉल्टात पाडलेली इतकी शाबूत खळगी जगात दुसरी नाही. पाणी खारे आणि अल्कधर्मी. सामू दहाच्या घरात. म्हणजे समुद्राहून जास्तच काहीतरी, असे इंग्रजीच्या सरांनी वहीत लिहून घेतले.

परिषदेसाठी यापेक्षा योग्य जागा शोधूनही सापडणार नाही, कारण ही जागा म्हणजेच एक न संपलेला परिसंवाद आहे. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. तेव्हापासून दीडशे वर्षे हे काम ज्वालामुखीचे की उल्केचे, यावर विद्वान भांडत होते. अमेरिकेचे नामवंत भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी तर 1896 साली अ‍ॅरिझोनातल्या विवराचे लोणारशी साम्य दाखवून तेही वाफेच्या स्फोटाचे असल्याचे सुचवले. तिकडचा निकाल चुकला, तो आमच्या जिल्ह्याच्या साक्षीवर! 1973 साली 'सायन्स' नियतकालिकातल्या लेखाने उल्केच्या बाजूने पुरावे मांडले. आघाताच्या दाबाने काच झालेले मॅस्केलिनाइट नावाचे खनिज त्यात महत्त्वाचे. मग वयाचा घोळ. एका पद्धतीने विवर सुमारे 52 हजार वर्षांचे, दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार. चहाची सुट्टी अकराला की सव्वाअकराला, यावर अर्धा तास घालवलेल्या समितीला हा पाच लाख वर्षांचा फरक फारच दिलासा देऊन गेला.

दैत्यसूदन मंदिर बघून झाले. धार नावाच्या झऱ्याच्या गोमुखातले गोडे पाणी अंगावर घेणारे भाविक बघून, उद्घाटनाआधी पाहुण्यांना इथेच आंघोळ घालावी म्हणजे लॉजच्या खोल्या कमी लागतील, अशी सूचना खजिनदार सरांनी मांडली. कोणी हसले नाही, कारण ते गंभीर होते. मोठ्या मारुतीची शिळा चुंबकीय आहे असे गावात सांगतात, म्हणून भौतिकशास्त्राच्या सरांनी मोबाइलमधले होकायंत्र काढले. सुई गरागरा फिरली. मारुतीमुळे की मोबाइलच्या कव्हरमधल्या चुंबकामुळे, यावर एक स्वतंत्र शोधनिबंध होऊ शकतो, असे ठरले.

पाण्याजवळ गेल्यावर निसर्गरम्यतेचा दुसरा भाग कळतो, तो नाकाला. समिती रुमाल लावून उभी राहिली. इतिहासाच्या मॅडमना 'सेल्फी विथ पिंक लेक' हे सत्र हवे होते. त्यांना समजावावे लागले की गुलाबी रंग 2020 च्या जूनमधला. पाणी आटून खारेपणा वाढला, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून दोष हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांवर ठेवला. ते काही तारीख कळवून येत नाहीत.

नंतर वनरक्षक भेटले. काठावर वीस फुटी फ्लेक्स, स्टेजवर कर्णा आणि पाचशे पाण्याच्या बाटल्या, हा बेत त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. "हे अभयारण्य हाये भाऊ. रामसर पाणथळ स्थळबी जाहीर झालं, 2020 च्या नोव्हेंबरात." रामसर म्हणजे कोणत्या कॉलेजचे सर, हा प्रश्न कुणीतरी अर्ध्यावरच गिळला. फ्लेक्स गावातल्या सभागृहावर लागणार हे तिथेच ठरले. तेवढ्यात एका माकडाने निमंत्रणपत्रिकेचा मसुदा पळवला. परीक्षणाशिवाय स्वीकारला गेलेला परिषदेचा तो पहिला कागद.

जेवणाचा विषय कोकणच्या बैठकीत कधी निघालाच नव्हता, कारण मासे गृहीत होते. इथे वरण-बट्टी, वांग्याचे भरीत, ठेचा आणि भाकरी यावर जीपमध्ये मतदान झाले नाही, गरजच पडली नाही. परिषदेचा मूळ विषय काय, हे तेवढे राहून गेले होते. ते परतीच्या वाटेवर चिखलीला ठरले.

दुसऱ्या दिवशी प्रवासभत्त्याची बिले कार्यालयात गेली. हेडक्लार्कनी ती उलटसुलट पाहिली आणि एक शंका लाल पेनाने समासात लिहून पाठवली: काठापासून तळापर्यंतचे दीडशे मीटर खाली आणि दीडशे मीटर वर, हे अंतर किलोमीटरमागच्या दरात धरायचे, की त्यासाठी विद्यापीठाची वेगळी परवानगी घ्यायची?